जाळ्याबरोबर जॅकेटही हवं

फ्लाय फिशिंगला दिवसभरासाठी निघालेल्या माणसाचं सामान अंगणात मांडलं, तर त्याचे सरळ दोन ढीग पडतात. एका ढिगात लवचिक काठी, रीळ, जाडसर रंगीत दोरी, तिच्या टोकाला जोडायचा बारीक तंगूस आणि पिसं, लोकर, दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या माश्यांची डबी. दुसऱ्या ढिगात रुंद काठाची टोपी, पाण्यावरची तिरीप कापणारा चष्मा, ठाव घ्यायची काठी, कमरेचा पट्टा, तरंगवणारं जॅकेट, शिट्टी, चाकू, पिण्याचं पाणी आणि मलमपट्टीची पिशवी. पहिला ढीग मासा काठावर आणतो, दुसरा माणसाला घरी आणतो. अनुभवी माणसाच्या सामानात दुसरा ढीग पहिल्याहून लहान नसतो.

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात पहिला ढीग मासेमारी करणाऱ्या प्रत्येक घरात आहे. जाळी आहेत, गऱ्या आहेत, डोंगे आहेत. ते सामान कसं वापरायचं याचं पिढ्यान् पिढ्या मुरलेलं ज्ञानही आहे. दुसरा ढीग मात्र जवळपास कुठेच दिसत नाही. यात मासेमारांचा निष्काळजीपणा शोधणं अन्यायाचं होईल. उणीव आहे ती जीव सांभाळणाऱ्या वस्तूंना मासेमारीचं साहित्य न मानणाऱ्या विचारात. सरकारी योजना, सहकारी संस्था आणि बाजारातली दुकानं, तिन्ही ठिकाणी हा विचार बदलला पाहिजे.

लाखांदूर हा पाण्याचा तालुका आहे. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पश्चिमेकडून वैनगंगा वाहते आणि चुलबंद याच भागात तिला येऊन मिळते. शिवाय गावोगावी मालगुजारी तलाव आहेत. पूर्व विदर्भातल्या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं त्यातले कितीतरी बांधले, त्यावर धानाची शेती पोसली आणि ढिवर समाजाची मासेमारीही. मालगुजारी संपल्यावर १९५१ पासून तलाव सरकारकडे गेले आणि पुढे मच्छीमार सहकारी संस्था ते मासेमारीसाठी ठेक्यानं घेऊ लागल्या. रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडून वाढवायचं आणि मरळ, शिंगाडा, वाम हे पाण्यातलेच मासे मिळतील तसे धरायचे, असा हा व्यवहार आहे.

यांच्या जोडीला हौशी मंडळी आहेत. पहिल्या दोन-चार सरी पडल्या की पुलाखाली, बंधाऱ्याच्या पायथ्याशी गरी टाकून बसणारी पोरं दिसतात. बांबूची काठी आणि गांडूळ घेऊन येणारा आहे, तसा ऑनलाइन मागवलेली रिळाची काठी घेऊन येणाराही आहे. पाण्याचा धोका दोघांना सारखाच.

खरं फ्लाय फिशिंग थंड, नितळ, वाहत्या झऱ्यांचं. खोटी माशी इतकी हलकी की ती स्वतःच्या वजनानं लांब जात नाही, म्हणून दोरीच जाड आणि जड करून फेकावी लागते. पावसाळ्यात गढूळ झालेल्या वैनगंगेत माशाला ती दिसणंही अवघड. काश्मीर आणि हिमाचलात इंग्रजांनी ट्राउट मासा आणून वाढवला, तिथे ही विद्या रुजली. तरी गळानं मासा धरण्याचा शास्त्रशुद्ध विचार आपल्याकडे परदेशातून आला, असं मात्र नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात लिहवून घेतलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांचं खाणं, आमिष, दोरी, काठी यांचा त्यात बारकाईनं विचार केलेला आहे. आजच्या फ्लाय फिशिंगकडून लाखांदूरनं घेण्यासारखी गोष्ट म्हणजे सामान बांधताना आधी पाण्याचा आणि मग माशाचा विचार करण्याची शिस्त.

त्या शिस्तीतली पहिली वस्तू म्हणजे पाण्याची खबर. नदीत उतरण्याआधी वरच्या धरणातून किती पाणी सुटतंय हे पाहिल्याशिवाय जाणकार गळकरी पाय भिजवत नाही. लाखांदूरला हे जास्तच लागू आहे, कारण वैनगंगेवर वरच्या अंगाला ३३ दरवाज्यांचा गोसीखुर्द प्रकल्प आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, गोसीखुर्दचे सगळे दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावं पुरात गेली. असा पूर रोज येत नाही. पण पावसाळ्यात दरवाजे वरखाली होणं नेहमीचंच, आणि लाखांदूरच्या आभाळात ढग नसतानाही वर मध्य प्रदेशातल्या शिवनीतल्या पावसानं पात्र फुगू शकतं. म्हणून प्लॅस्टिकच्या जलरोधक पिशवीत ठेवलेला मोबाइल आणि विसर्गाचा संदेश त्यावर येण्याची खात्री, या गोष्टी जाळ्याइतक्याच महत्त्वाच्या. जिल्हा प्रशासन विसर्गाचे इशारे देतं. ते नदीत उभ्या असलेल्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचवण्यासाठी प्रत्येक मच्छीमार संस्थेनं एक जबाबदार माणूस नेमावा. हे काम एका दिवसात होण्यासारखं आहे.

दुसरी वस्तू तरंगवणारी.

जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या मजूर महिलांचा जीव गेला. त्या मासेमारीला निघाल्या नव्हत्या. पण नदी तीच आणि नावही तशीच छोटी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात बुडून ३८ हजारांहून अधिक माणसं दगावली. यातली बरीचशी माणसं शहरातल्या तरणतलावांत बुडत नाहीत. ती नदी, तलाव, विहिरी, शेततळी आणि कालव्यांत बुडतात, म्हणजे लाखांदूरसारख्या तालुक्यांत.

जॅकेटचा विषय निघाला की एक उत्तर हमखास येतं: ढिवराच्या पोराला पोहायला शिकवावं लागत नाही. ते खरंच आहे, पण पुरेसं नाही. फेकजाळ्याची दोरी मनगटात अडकवलेली असते. जाळं पाण्यातल्या खुंटाला अडकलं आणि धार ओढू लागली, तर उत्तम पोहणाराही त्या दोरीबरोबर खेचला जातो. पायात गोळा येणं, फिट येणं, डोंग्याच्या कडेवर डोकं आपटणं, बेशरमीच्या झुडपांत आणि जलपर्णीच्या जाळीत पाय गुंतणं, अशा वेळी पोहण्याचं कौशल्य कामाला येत नाही. तेव्हा अंगाला बांधलेली हवाच वाचवते.

दुसरी तक्रार अशी की जॅकेट घालून जाळं फेकता येत नाही, शिवाय उकडतं. ही तक्रार रास्त आहे आणि तिच्यावर उपायही आहे. फ्लाय फिशिंग करणारा माणूस दिवसभरात शेकडो वेळा खांद्यातून हात फिरवतो. त्यामुळे त्याच्यासाठी खांदे मोकळे सोडलेली आखूड जॅकेटं आणि कमरेच्या पट्ट्यासारखी बांधायची, दोरी ओढताच फुगणारी जॅकेटं बनतात. फेकजाळं टाकणाऱ्यालाही नेमकं हेच हवं. सहलीच्या बोटीत देतात ती जाड नारिंगी जॅकेटं ढिवराच्या गळ्यात मारली, तर ती घरातच टांगलेली राहतील. वस्तू निवडताना ती वापरणाऱ्याच्या हाताचा विचार झाला पाहिजे.

यामागचं गणित साधं आहे. पाण्यात असलेल्या माणसाचं डोकं वर ठेवायला साधारण तीन ते पाच किलोचा आधार पुरतो. पोहता येणाऱ्यांसाठीची हलकी साधनं ५० न्यूटनची असतात, म्हणजे सुमारे पाच किलो उचल देणारी. घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा कॅनही जवळपास तेवढाच भार उचलतो. पूर्वी गावोगावी मुलं कमरेला सुका भोपळा किंवा डबा बांधून पोहायला शिकत, त्यामागचं शास्त्रही हेच होतं. जॅकेट मिळेपर्यंत असा कॅन छातीशी पक्का बांधणं काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. मात्र कॅन बेशुद्ध माणसाचा चेहरा पाण्याबाहेर ठेवत नाही. ते काम गळ्यामागे आधार असलेलं, १०० न्यूटन किंवा त्याहून अधिक क्षमतेचं जॅकेटच करतं. डोंग्यात बसणाऱ्या प्रत्येकासाठी असंच जॅकेट हवं, आणि ते डोंग्याच्या तळाशी टाकलेलं नको, अंगावर घातलेलं हवं.

तिसरी वस्तू काठी. परदेशी गळकरी प्रवाहात उतरताना हातात उंच काठी धरतो आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी तळ चाचपतो. लाखांदूरकडे बांबू आहे आणि सवयही आहे. तरी आता तिची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे, कारण वैनगंगा आणि चुलबंदेच्या पात्रातून वाळूचा उपसा होतो. कालपर्यंत गुडघाभर पाणी असलेल्या जागी उपशानंतर पुरुषभर खोल खड्डा असतो आणि वरून पाणी तसंच शांत दिसतं. आजोबांनी दाखवलेला उतार नातवाला उपयोगी पडेल, याची हमी राहिलेली नाही. काठावरून गरी टाकणारी पोरं अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरतात, तेव्हा त्यांच्या हातात ही काठी हवी आणि एकानं काठावर थांबलेलं हवं.

कमरेला छोटा चाकू. मनगटातली दोरी क्षणात कापता आली पाहिजे, इतकाच त्याचा उपयोग. तो खिशाच्या तळाशी ठेवून चालत नाही, एका हातानं निघेल असा बांधावा लागतो. गळ्यात शिट्टीही हवी. पाण्याच्या आवाजात माणसाची हाक विरते, शिट्टी मात्र लांबपर्यंत ऐकू जाते.

विजेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. रिळाच्या आधुनिक काठ्या बहुधा कार्बन तंतूंच्या असतात आणि कार्बन वीज वाहून नेतो. मोकळ्या काठावर किंवा उघड्या डोंग्यात अशी उंच काठी धरून उभा असलेला माणूस आजूबाजूला सर्वांत उंच असतो. ओल्या बांबूच्या काठीवरही भरवसा ठेवता येत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आलेलं असतं. तेव्हा काठी आडवी ठेवून पाण्यातून बाहेर पडायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या छताखाली जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत पाण्यात उतरायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ हे मोफत अ‍ॅप आपल्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं. मृगाच्या आधी ते प्रत्येक मासेमाराच्या फोनमध्ये असायला हवं.

ऊन, डोळे, हात आणि पाय यांची काळजी घेणारं सामान स्वस्त आहे. विदर्भाच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पाण्यावरून परतणारं ऊन खालूनही भाजतं. टोपी किंवा दुपट्टा, लांब बाह्यांचा सदरा आणि घरून नेलेलं पिण्याचं पाणी ही त्यावरची तयारी. चष्म्याचे दोन उपयोग: तिरीप कापली गेल्यानं पाण्याखालचा खड्डा आणि खुंट दिसतो, शिवाय झटक्यात उलटून आलेला गळ डोळ्यात शिरत नाही. गळाच्या टोकामागचा उलटा दात पकडीनं दाबून सपाट करण्याची फ्लाय फिशिंगमधली रीत हौशी पोरांनी लगेच उचलावी. तसा गळ बोटात रुतला तरी सहज निघतो आणि सोडून द्यायचं लहान पिल्लूही कमी जखमी होतं. गळ लागल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, हे दवाखान्यात विचारायलाच हवं. पहाटेच्या अंधारात बांधावरून जाताना डोक्याला बांधायची टॉर्च हवी, कारण घोणस, नाग आणि मण्यार याच वाटांवर असतात. साप चावला तर जखम कापायची नाही, घट्ट आवळायचं नाही, हलू न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवून दवाखाना गाठायचा. खोल पाण्यात गमबूट घालू नयेत, ते पाण्यानं भरले की पाय उचलत नाही. घट्ट पट्ट्यांची चप्पल बरी.

काही गोष्टी घरीच ठेवायच्या आहेत. मच्छरदाणीचं कापड बोटभर पिल्लंही गोळा करतं आणि पुढच्या वर्षीचा तलाव रिकामा करतं. विष किंवा स्फोटकं वापरून मासे मारण्याला १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यापासून बंदी आहे. तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडण्याचा प्रकार तर मासे मारता मारता माणूसही मारतो. अशा पाण्यात पाय टाकणाऱ्यासाठी कोणतंच जॅकेट उपयोगाचं नाही.

मग हे सामान यायचं कुठून? जाळी आणि नौकांसाठी अनुदान देण्याची पद्धत राज्यात जुनी आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मासेमारांसाठी अपघात विमाही आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख रुपये, अंशतः अपंगत्वासाठी अडीच लाख, आणि हप्ता सरकार भरतं. ही मदत गरजेचीच आहे आणि प्रत्येक संस्थेनं आपल्या सगळ्या सभासदांची नावं तिच्यात आहेत ना, हे तपासावं. पण पाच लाख रुपये घरात येतात तेव्हा कमावता माणूस गेलेला असतो. चांगलं जॅकेट त्याच्या तुलनेत अगदी किरकोळ पैशांत येतं. जाळ्याच्या आणि डोंग्याच्या अनुदानासोबत तेवढ्याच माणसांची जॅकेटं सक्तीनं द्यावीत, ही मागणी खजिन्याला जड नाही.

जीव सांभाळणारी वस्तूही साहित्यच असते, हा धडा विदर्भ एकदा फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. त्यानंतर मास्क, हातमोजे, चष्मा असलेले फवारणीचे सुरक्षा संच गावोगावी पोहोचू लागले. फवारणी पंप हे शेतीचं अवजार आहे आणि मास्क नाही, अशी समजूत तोवर होती. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या दर्जाबरोबर कृषी खात्याला मिळालेला हा धडाही मासेमारांपर्यंत यावा.

महिलांचा विचार वेगळा करायला हवा. ढिवर समाजातल्या अनेक बाया तलावात कमरेएवढ्या पाण्यात उतरून लहान मासे आणि झिंगे धरतात, तलावातली बेशरम उपटतात, मासळी बाजारात विकतात. त्या साडी नेसून पाण्यात असतात आणि भिजलेली साडी पायांत अडकते. पुरुषांच्या मापाची जॅकेटं आणून त्यांचा प्रश्न सुटणार नाही. त्यांच्या मापाची जॅकेटं, गुडघ्यापर्यंतची पँट आणि पायांना जखमा होऊ नयेत म्हणून पट्ट्यांची चप्पल, हे त्यांच्यासाठीचं किमान साहित्य. संस्थांच्या सभासद यादीत त्यांची नावं असतील, तरच ते त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

संस्था आणि गावं मिळून बदल घडवू शकतात, याचा पुरावा याच पट्ट्यात आहे. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजाच्या सोबतीनं भंडारा-गोंदियातल्या तलावांवर काम केलं. बेशरम काढली, पाण्यात स्थानिक वनस्पती लावल्या, देशी मासे परत यावेत म्हणून अधिवास तयार केले. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते हे ज्ञान ढिवरांकडेच होतं, ते कामाला लावलं गेलं. सुरक्षेबाबतही तसंच करता येईल. कुठे खड्डा आहे, कुठे खुंट आहेत, कोणत्या महिन्यात धार कशी फिरते हे या माणसांना तोंडपाठ आहे. त्या माहितीचे फलक घाटांवर आणि पुलांवर लागले, तर गरी टाकायला येणाऱ्या बाहेरच्या पोरांचेही जीव वाचतील.

सुरुवात करायला नव्या कायद्याची गरज नाही. येत्या पावसाळ्याआधी तालुक्यातल्या प्रत्येक मच्छीमार संस्थेनं आपल्या सभेत एक ठराव करावा: डोंग्यात जॅकेटाशिवाय कोणी बसणार नाही, नदीत एकटा कोणी उतरणार नाही, आणि गोसीखुर्दचा संदेश सर्वांना कळवण्याची जबाबदारी अमुक सभासदाची. त्या ठरावासोबत बाया-पुरुषांच्या मापांसह किती जॅकेटं हवीत याची यादी भंडाऱ्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्यावी. कार्यालयानं ती जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवावी आणि तिथल्या लोकप्रतिनिधींनी जाळ्यांच्या मागणीइतक्याच गांभीर्यानं ती मंजूर करून घ्यावी. मृग लागायच्या आत ही जॅकेटं लाखांदूरच्या घाटांवर पोहोचली पाहिजेत.